चौदा पौंड

रोज सकाळी चहाच्या आधी आप्पा शेडमध्ये जात. ट्रॅक्टरच्या मागच्या उजव्या चाकापाशी लाकडी ठोकळा ठेवून त्यावर बसत, वॉल्व्हची टोपी काढून खिशात टाकत, गेज लावत आणि सगळ्या घराला ऐकू जाईल असं ओरडत, "उजवं, चौदा!" मग ठोकळा उचलून पलीकडे. थोडं खोकणं, थोडं कण्हणं, आणि, "डावं, चौदा!" त्यानंतर उभ्या पंपाचे दोन-तीन फटके ऐकू येत. चौदा आहे तर पंप कशाला, हा प्रश्न घरात कुणाला पडला नव्हता. आप्पांचं काम आप्पांचं.

मागच्या दोन्ही टायरांत तीन हिस्से पाणी आणि एक हिस्सा हवा होती. पाणी भरलं की ट्रॅक्टर जड होतो, चाक जमीन धरतं, हे आप्पांनी बारा वर्षांपूर्वी कुणाकडून तरी ऐकलं आणि एका दुपारी जॅक लावून, वॉल्व्ह माथ्यावर आणून, नळाची नळी जोडून दोन्ही टायर भरून टाकले. मेख एवढीच, की पाण्याच्या टायरात हवेला जागा थोडी. चार फटके इकडे-तिकडे झाले तरी गाडी नाक मुरडते. म्हणून ट्रॅक्टर कुणीही चालवो, हवा आप्पाच बघणार, असं घरात ठरून गेलं होतं.

ट्रॅक्टर चालवायचा मुलगा. त्याला गावात रेडिओ म्हणत, आणि ते काही उगाच नाही. सकाळी सुरू झाला की झोप लागेपर्यंत बंद होत नसे. दीड महिन्यापूर्वी ट्रॉलीवर उभा राहून, दोन्ही हात पसरून, कुणाची तरी म्हैस केवढी होती ते सांगत होता आणि तसाच मागे पडला. उजवा पाय मोडला. मांडीपर्यंत प्लास्टर. नांगरणीची कामं तर हातात घेतलेली. तेव्हा सून स्टिअरिंगवर बसली. तिला शेडपासून रस्त्यापर्यंत गाडी काढता येत होती; आठवडाभरात ती कुळवाची पाळी घालायला शिकली, पंधरवड्यात नांगरायला. नवरा बाजेवरून सूचना देई. "अगं, क्लच एकदम सोडू नकोस. अगं, वळताना नांगर उचल." उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच. ती ऐकून घेई. तिला मुळातच बोलायचा कंटाळा. एका घरात एक रेडिओ पुरे.

पण संध्याकाळी आप्पांचे प्रश्न मात्र तिच्या अंगावर येत. हातपाय धुऊन ती ओट्यावर टेकली की आप्पा विचारत, "आज कशी चालली?" मग, "ओढते का कुठं?" मग, "मागून उडते का? वळताना बसते का?" तिला वाटे, म्हातारा आपली परीक्षा घेतोय. पहिल्या आठवड्यात ती एकदा खरं सांगून बसली, "जरा उजवीकडे ओढते." आप्पा नुसतं "हं" म्हणाले. ते "हं" तिला तीन दिवस टोचत राहिलं. आपल्याला स्टिअरिंग सरळ धरता येत नाही, असाच त्याचा अर्थ तिनं लावला. त्यानंतर आप्पांनी काहीही विचारलं तरी तिचं एकच उत्तर, "बरी चालली."

बरी काही चालत नव्हती. गेले पंधरा-वीस दिवस गाडी डावीकडे ओढत होती, आणि रोज थोडी जास्तच. ती दिवसभर स्टिअरिंग उजवीकडे दाबून धरी आणि रात्री तिचे खांदे असे भरून येत, की वेणी घालायला हात वर जात नसे. दोष आपल्या हातांचाच, हे तिनं मनाशी पक्कं केलं होतं.

ओढ्याकाठच्या रानात ते उघडकीला आलं.

ते रान मळेवाल्याचं. बारा एकर, काळी चिकट माती, वरून सुकलेली आणि पोटात ओल धरून बसलेली. मळेवाला माणूस वाईट नव्हता, घाईत होता. रोपं तयार होती, परवा लावणीला माणसं येणार होती. सकाळी तिनं नांगराच्या तासाला सुरुवात केली आणि पाचव्या ओळीला उजवं चाक जागच्या जागी फिरायला लागलं. तिनं नांगर उचलला, मागे घेतलं, पुन्हा घातला. चाक पुन्हा फिरलं. मातीचे गोळे मागे उडाले, जळक्या रबराचा वास आला आणि चाकाखाली गुडघाभर खड्डा पडला. दहा वाजेपर्यंत असे चार खड्डे झाले.

मळेवाला मोटारसायकल बांधावर लावून खड्ड्यापाशी आला. डोक्यावरची टोपी काढून त्यानं त्यात डोकावून बघितलं.

"बाई, मी रान नांगरायला सांगितलं होतं. विहिरी खणायला नाही."

बांधावरचे गडी हसले. एक जण तर खाली बसूनच हसला.

"माती ओली आहे," ती म्हणाली.

"माती दरवर्षी ओलीच असते. रेडिओनं कधी खड्डे पाडले नाहीत." मग त्यालाच जरा ओशाळल्यासारखं झालं असावं. आवाज उतरवून तो म्हणाला, "हे बघा, मला वाद नको. उद्या दुपारपर्यंत वाट बघतो. नाहीच जमलं तर पलीकडच्या गावातली गाडी सांगतो. आणि मग खालच्या मळ्याचं कामही तिकडंच जाईल, आधीच सांगून ठेवतो."

खालचा मळा म्हणजे उरलेला सगळा हंगाम. ती गाडीवर चढली आणि घरी आली. सबंध रस्ता गाडी डावीकडे ओढत होती आणि तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. पुसायला हात मोकळा नव्हता.

घरी दोघेही पुरुष जेवून आडवे झाले होते. तिनं शेडमध्ये ट्रॅक्टर लावला आणि खाली उतरून प्रथमच त्या दोन चाकांकडे नीट पाहिलं. डाव्या टायरचा गाल जमिनीपाशी जरा फुगलेला होता, जसा असायला हवा तसा. उजवा टायर ताठ, टणक, मुलाखतीला बसल्यासारखा. तिनं त्यावर लाथ मारली आणि पायाचा अंगठा धरून खाली बसली.

खिळ्याला आप्पांचं गेज लटकत होतं. तिनं ते काढून उजव्या चाकाला लावलं. चौदा. डाव्या चाकाला लावलं. चौदा. मग गेज तळहातावर घेऊन ती बघत राहिली. हातात, कशालाही न लावता, भर हवेत, त्याचा काटा चौदावर होता. तिनं ते झटकलं. चौदा. ठोकळ्यावर आपटलं. चौदाच.

तिला आधी हसू आलं. तोंडावर हात दाबून ती शेडमध्ये एकटीच हसली. मग हसू ओसरलं. हा माणूस किती दिवस या मेलेल्या काट्याकडे बघून रोज सकाळी ओरडतोय? आणि त्याला हे सांगायचं कुणी?

तालुक्याच्या रस्त्यावर टायरचं दुकान होतं. ती सायकलवर गेली. टायरवाला जाड भिंगाचा, बारीक आवाजाचा माणूस, रबराच्या काळ्या ढिगात बसून ट्यूब घासत होता. ताकाला जाऊन भांडं लपवायची तिची सवय. आधी तिनं वॉल्व्हच्या टोप्यांचा भाव विचारला, मग ट्यूबचा. शेवटी गेज काढून पुढे केलं.

त्यानं ते कानाशी हलवलं. आत खुळखुळलं.

"टायरात पाणी आहे?"

"आहे."

"आणि त्याला हे साधं गेज लावता? पाणी शिरतं आत, स्प्रिंग गंजते. हे गेज नाही राहिलं, बाई. ही शोभा आहे." त्यानं फळीवरून पाण्याच्या टायरचं वेगळं गेज काढलं, पितळी, जड. "हे घ्या. पण वॉल्व्ह माथ्यावर आणल्याशिवाय लावायचं नाही. वर हवा, खाली पाणी. वॉल्व्ह खाली असेल तर पाण्याचं वजनही मोजलं जातं, पौंडभर जास्त दाखवतं. आणि वापरलं की चांगल्या पाण्यानं धुऊन ठेवायचं. तुमच्याकडे हवा कोण बघतं?"

"सासरे."

"मग त्यांना द्या पाठवून. मी समजावतो."

"नको, नको," ती घाईनं म्हणाली. "मीच सांगेन."

परत येताना सायकल ती अर्धा रस्ता हातात धरून चालली. आप्पांकडून एकेक काम सुटत गेलं होतं, ते तिच्यासमोरच. आधी स्टिअरिंग, मग नांगराचे फाळ लावणं, मग थंडीपासून शेळ्यांची धार. आता उरली होती एवढी हवा. तेवढ्यासाठी म्हातारा उजाडायच्या आत उठून, तोंड धुऊन, सदरा घालून शेडमध्ये जायचा. गेज बदललं तर हवा नीट होईल आणि मळेवाल्याचं काम हातात राहील. पण ते आप्पांच्या हातात ठेवायचं म्हणजे, तुम्ही इतके दिवस आम्हाला फसवलंत असंच तोंडावर म्हणायचं. बाईला सासरा प्रिय होता, हे सरळ सांगितलेलं बरं. लग्न होऊन आली तेव्हा या बोलघेवड्या घरात तिच्या गप्प बसण्याला कुणी नावं ठेवली नाहीत, ती त्यांच्यामुळे. "बोलणारे पुष्कळ झालेत, एक ऐकणारी आली," असं ते चारचौघांत म्हणाले होते.

तिनं ठरवलं, उद्या आप्पा उठायच्या आत आपणच गुपचूप हवा नीट करायची आणि नवं गेज लपवून ठेवायचं. ओरडू दे त्यांना चौदा.

संध्याकाळी आप्पांनी विचारलंच, "आज कशी चालली?"

पिशवीत पितळी गेज होतं, रानात चार खड्डे होते.

"बरी चालली."

"ओढत नाही?"

"नाही."

आप्पांनी मान हलवली. बाजेवरून रेडिओ म्हणाला, "अगं, मग बारा वाजताच कशी परतलीस?"

"डिझेल," ती म्हणाली आणि चुलीकडे वळली.

पहाटे, कोंबडे ओरडायच्या वेळेला, ती शेडमध्ये गेली. उजव्या चाकाचा वॉल्व्ह नेमका खाली आला होता, जमिनीपासून वीतभर अंतरावर. तो माथ्यावर आणायचा तर गाडी पुढे घ्यायला हवी, आणि गाडी सुरू केली तर आप्पाच काय, अख्खी आळी जागी होईल. ढकलून बघावं तर पाण्यानं भरलेला ट्रॅक्टर, तो काय हलतो! इथं घोडं अडलं. एवढी हुशार बाई, पण घाईत चुकली. म्हटलं, खालीच लावू, पौंडभर वजा करू.

तिनं गुडघे टेकून गेज लावलं. तेवीस. तिचा विश्वास बसेना. पौंड वजा करून बावीस! दगडासारखं चाक घेऊन ती पंधरा दिवस फिरत होती. आता हवा काढायची. तिनं खिळा घेतला, तोंड जवळ नेलं आणि वॉल्व्हची पिन दाबली.

हवा निघालीच नाही. बारा वर्षांचं काळं पाणी बारीक चिळकांडी होऊन सुटलं आणि सरळ तिच्या तोंडावर, डोळ्यांत, नाकात, नवऱ्याच्या जुन्या शर्टाच्या आत. त्याचा वास सांगता येणार नाही. ती किंचाळली, मागे पडली, ठोकळ्यावर कोपर आपटलं. कोंबड्यांनी एकच गलका केला.

"खालून हवा निघत नसते, पोरी. खालून पाणी निघतं."

आप्पा शेडच्या दारात उभे होते. हसत होते. सदऱ्याची बटणं उघडी होती, आणि ते असे हसत होते की त्यांना दाराची चौकट धरावी लागली. तीही तोंड पुसता पुसता हसणार, तेवढ्यात त्यांना तिच्या मांडीवरचं पितळी गेज दिसलं.

हसू तिथल्या तिथं थांबलं. त्यांनी ते गेज पाहिलं, खिळ्यावरचं आपलं जुनं पाहिलं, आणि पुन्हा तिच्याकडे पाहिलं.

"असं होय," ते म्हणाले. "कानामागून आली आणि तिखट झाली." हे गेजला म्हणाले की सुनेला, ते त्यांनाच ठाऊक. "बरं झालं. आता तुमचं तुम्ही बघा."

आणि ते घरात जाऊन भिंतीकडे तोंड करून पडले.

तिनं तोंड धुतलं, शर्ट बदलला, चहा टाकला. रेडिओ जागा झाला होता. "काय झालं? कोण ओरडलं? पाणी कसलं? आप्पा का झोपले परत?" त्याला तिनं हातानंच गप्प केलं, आणि तोही, नवल म्हणजे, गप्प झाला.

चुलीवरनं उतरवलेला चहा तसाच पेल्यात ओतून ती आप्पांच्या खोलीत गेली. पेल्याला तिनं फडकं गुंडाळलं होतं. बाजेच्या कडेला ती खाली बसली.  मग जे सगळ्यात जड होतं तेच आधी तोंडातून बाहेर पडलं.

"आप्पा, मी खोटं सांगत होते. गाडी बरी नव्हती चालत."

पाठ हलली नाही.

"डावीकडे ओढते. पंधरा दिवस झाले. काल रानात चार खड्डे पाडले. मळेवाल्यानं सगळ्यांसमोर हसं केलं. मला वाटलं, माझ्याच हाताची चूक. तुम्ही विचारायचात, आणि मला वाटायचं, तुम्हाला माझं चालवणं पसंत नाही. म्हणून बरी म्हणायचे."

आप्पा हळूहळू उठून बसले. 

"पंधरा दिवस?"

"जास्तच."

"आणि मी रोज तीन फटके मारतोय," आप्पा कपाळाला हात लावून म्हणाले. "अगं, तू म्हणालीस उजवीकडे ओढते. म्हणजे उजव्यात हवा कमी. म्हटलं, रोज तीन फटके मारत जाऊ. डावीकडे ओढायला लागली की पोरगी सांगेल, मग थांबू. रोज विचारतोय. तू रोज म्हणतेस बरी. मी रोज तीन मारतोय."

"पण गेज—"

"ते गेज चार वर्षांपूर्वी मेलं."

"तुम्हाला माहीत होतं?"

"मीच त्यात पाणी घातलं, मला माहीत नसेल? गेज लागतं कुणाला? टायरच्या गालावर तळवा ठेवला की मला पौंड कळायचा. पण लोकांना काटा दिसावा लागतो, म्हणून आपलं लावायचं." त्यांनी चहाच्या पेल्यासाठी हात पुढे केला. फडकं तिच्या हातात राहिलं, आणि आप्पांनी तो कढत पेला उघड्या मुठीत घट्ट धरला.

"आप्पा! भाजेल!"

त्यांनी पेल्याकडे पाहिलं, मग हाताकडे. घाई न करता पेला खाली ठेवला. तळवा लाल झाला होता.

"थंडीपासून असंच आहे," ते म्हणाले. "दोन्ही हात. भाजत नाही, टोचत नाही. बटणं लागत नाहीत. टायरवर हात ठेवतो, तर टायर आहे की भिंत, ते कळत नाही. कुणाला सांगायचं? झाकली मूठ सव्वा लाखाची. तोवर हा रेडिओ चालवत होता. रोज संध्याकाळी तासभर बडबडायचा, इकडे ओढली, तिकडे उडाली, अमक्या बांधावर अशी बसली. त्याच्या बडबडीवरून मी हवा भरायचो. आणि त्याचा पाय मोडला आणि तू बसलीस, मुलखाची अबोल."

तिनं त्यांचा हात धरला. तळव्यावर नखानं टोचून पाहिलं, आधी हळू, मग जोरात. ते तिच्याकडे शांतपणे बघत होते. तिला रडू आलं आणि तिनं ते आवरलं नाही. दीड महिना हा माणूस तिच्या तोंडून हवा मोजत होता आणि तिनं त्याला एकदा सोडून कधीच खरा आकडा दिला नव्हता.

"रडतेस काय," आप्पा म्हणाले.  "ऊन वर येतंय. वॉल्व्ह माथ्यावर आणायचाय का नाही?"

तिनं गाडी सुरू केली. आप्पा चाकाशेजारी हात वर करून उभे राहिले. "ये... ये... अजून... थांब!" उजवा वॉल्व्ह बरोब्बर माथ्यावर. तिनं उतरून गेज लावलं. "बावीस." पिन दाबली, आता सूंऽऽ करून हवा निघाली, कोरडी. "वीस. अठरा. पंधरा." आप्पा डोळे मिटून ऐकत होते. "ओलं रान आहे. बारावर थांब." जरा जास्तच निघाली. "अकरा," ती चोरासारखी म्हणाली. "असू दे, रानात बघू," ते म्हणाले. मग गाडी थोडी पुढे घेऊन डावा वॉल्व्ह माथ्यावर. "बारा." "त्याला हात लावू नको." शेवटी तिनं गेज बादलीत खळखळून धुतलं आणि त्यांच्या सदऱ्याच्या खिशात घातलं.

"मला काय उपयोग? या डोळ्यांना बारीक काटा दिसत नाही."

"मला दिसतो," ती म्हणाली. "किती हवा हे मला कळत नाही. तुम्ही चला."

"कुठं?"

"रानात."

आप्पा थंडीपासून रानात गेले नव्हते. ते नको नको म्हणत होते आणि बाजेवरून रेडिओ ओरडत होता, "जा की आप्पा! मला जाता येत नाही तर तुम्ही तरी जा!" तिनं त्यांच्या सदऱ्याची बटणं लावली आणि त्यांना शेजारच्या पोराच्या मोटारसायकलवर मागे बसवलं.

ओढ्याकाठी मळेवाला आधीच येऊन उभा होता. तिनं कालचे खड्डे टाळून पलीकडून तास धरला. नांगर गेला. चाक एकदा दचकल्यासारखं झालं आणि त्यानं जमीन धरली. काळी ढेकळं एका सरळ ओळीत पालथी पडत गेली. स्टिअरिंगवर हात नुसते ठेवलेले होते. किती दिवसांनी ते नुसते ठेवता येत होते! तिला मोठ्यानं ओरडावंसं वाटलं, आणि ती खरंच ओरडली, इंजिनाच्या आवाजात, बांधाच्या दिशेनं, "आप्पा! ओढत नाही!"

बांधावर मळेवाल्यानं टोपी मागे सारली. "कालच यायचं होतंत, आप्पा. शेवटी तुमचा हात लागला तेव्हा चाक फिरायचं थांबलं. हात तो हात!"

आप्पांना हे असंच सोडून देता आलं असतं. त्यांनी बांधावर बसकण मारली, मांडीवर दोन्ही तळवे उताणे ठेवले आणि त्यांच्याकडे बघत म्हणाले, "हाताचं नाव नको. हाताला काही कळत नाही माझ्या. चार महिने झाले. आजची हवा तिनं बघितली."

मळेवाला गोंधळला. गडीही ऐकत होते. काहीतरी बोलायचं म्हणून तो म्हणून गेला, "मग तुम्ही कशाला त्रास घेतलात एवढ्या उन्हात?"

 हात दाखवून अवलक्षण, असं त्यांच्या मनात आलं असेल. त्यांनी तळवे पालथे केले आणि ढेकळांकडे बघत बसले.

तास संपवून ती बांधापाशी वळली. तिथं येऊन थांबली, नांगर टेकवला आणि उतरून सरळ आप्पांसमोर उभी राहिली. मळेवाल्याकडे तिनं पाहिलंही नाही.

"आप्पा, सरळ जाताना झकास जाते. वळताना उजवीकडे बसते. गाल चुरगळल्यासारखा होतो, आणि मग सुटताना हिसका बसतो. काय करू?" एका दमात ती आजवर एवढं कुणाशी बोलली नव्हती.

आप्पांनी मान वर केली. "हिसका एकच बसतो की दोन?"

"एक. पण मोठा."

"पौंडभर पाहिजे. पंप आणलाय?"

"आणलाय."

ती चढली. आप्पा उठून चाकाशेजारी गेले, हात वर करून. "ये... ये... थांब!" वॉल्व्ह माथ्यावर आला. तिनं टूलबॉक्समधून पंप काढला, नळी जोडली आणि इकडेतिकडे पाहिलं. सगळ्यात जवळ मळेवालाच होता.

"बघता काय, मालक," आप्पा म्हणाले. "धरा. आठ फटके."

मळेवाल्यानं गड्यांकडे पाहिलं. गडी दुसरीकडे बघत होते. त्यानं टोपी काढून बांधावर ठेवली, पंपावर वाकला आणि मारायला लागला. आप्पा मोजत होते. सहाव्या फटक्याला तो धापा टाकायला लागला, पण आठही मारले. तिनं आप्पांच्या खिशातून गेज काढलं आणि वॉल्व्हला लावलं. सगळे काट्याकडे बघत होते, फक्त आप्पा तिच्या तोंडाकडे.

"किती?" त्यांनी विचारलं.

"बारा," ती म्हणाली. आणि होते बाराच.